वनस्पतिउद्यान पाहावे कसे?

मोठ्या शहराजवळ एखादे वनस्पतिउद्यान असले, म्हणजे सुटीच्या दिवशी तेथे माणसांची रीघ लागते. सावलीला सतरंज्या पसरल्या जातात, फराळाचे डबे उघडले जातात, मुले हिरवळीवर मनमुराद धावतात आणि ऊन कलले की मंडळी समाधानाने घराकडे वळतात. ‘उद्यान पाहिले का?’ असे त्यांस कोणी विचारले, तर ‘पाहिले’ असे उत्तर मिळते. परंतु तेथे कोणकोणती झाडे पाहिली, असा पुढचा प्रश्न केला की उत्तर देणारा गोंधळून जातो. त्याने सावली अनुभवलेली असते. सावली देणारे झाड पाहिलेले नसते.

थकलेल्या माणसाने झाडाखाली विसावा घेतला, तर त्यात दोष कसला? शहराच्या कोंदट हवेतून आलेल्यास दोन घटका मोकळा वारा मिळावा, हे योग्यच आहे. तथापि, ग्रंथालयात जाऊन केवळ पंख्याखाली बसून यावे आणि एकही ग्रंथ उघडू नये, असे कोणी केले तर त्यास ग्रंथालयाचा लाभ झाला असे म्हणता येत नाही. वनस्पतिउद्यानाचेही तसेच आहे. ते नुसते रमण्याचे ठिकाण नव्हे, ते वाचण्याचे ठिकाण आहे. ज्यास ते वाचता येत नाही, तो त्याच्या दारातून आत जाऊनही बाहेरच राहतो.

साध्या बागेत आणि वनस्पतिउद्यानात मोठा फरक आहे. बागेत झाडे लावतात ती शोभेसाठी. एखादे फुलझाड सुकले, तर माळी त्या जागी दुसरे लावतो आणि कोणास काही चुकल्यासारखे वाटत नाही. वनस्पतिउद्यानातील झाडाची गोष्ट वेगळी. ते कोणत्या जातीचे, त्याचा मूळ प्रदेश कोणता, ते येथे कोठून आले, ह्यांची नोंद ठेवावी लागते. त्या झाडाच्या अंगावर किंवा पायथ्याशी नामपाटी असते. त्याच्या फुला-फळांचा अभ्यास होतो. एखादी जात रानातून नाहीशी होऊ लागली, तर तिचा वंश येथे जपता येतो. फुलांचे रंग डोळ्यांना सुख देतात खरे. परंतु उद्यानाचे मोल त्या रंगांत नसून झाडामागे साठवलेल्या ज्ञानात असते.

ह्याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे कोलकात्याजवळचे शिबपूर येथील वनस्पतिउद्यान. हुगळी नदीच्या पूर्व तीरावर कोलकाता शहर आणि पश्चिम तीरावर हावडा. हावड्याच्या बाजूस, नदीला लागून, सुमारे २७३ एकरांवर हे उद्यान पसरलेले आहे. त्याची स्थापना १७८७ साली झाली. २००९ सालापासून त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांचे नाव देण्यात आले आहे. वनस्पती बाहेरच्या आघातांना प्रतिसाद देतात, हे ज्यांनी आपल्या नाजूक यंत्रांच्या साहाय्याने जगास दाखवले, त्या शास्त्रज्ञाचे नाव ह्या उद्यानास शोभून दिसते.

ह्या उद्यानाचा जन्म विलासातून झाला नाही. त्याच्या मुळाशी दुष्काळाची आठवण होती. १७७० साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील कर्नल रॉबर्ट किड ह्यांनी १७८६ साली कंपनीपुढे एक सूचना मांडली. ज्याच्या खोडातील गाभ्यापासून खाण्याजोगे पीठ मिळते, असा सागो ताड पूर्वेकडील देशांतून आणून येथे वाढवावा, म्हणजे पीक बुडाले तरी लोकांस काही आधार राहील, असा त्यांचा विचार होता. अशा उपयोगी झाडांची रोपे तयार करून देशात पसरवण्यासाठी एक उद्यान हवे, असे त्यांनी सुचवले. कंपनीने ते मान्य केले. अर्थात ती व्यापारी मंडळी होती. जहाजांसाठी सागवान मिळेल, मसाल्यांचा व्यापार हाती येईल, हा हिशेबही तिच्या मनात होता. लोकांचे कल्याण आणि आपला लाभ ह्यांपैकी तिने कशास अधिक महत्त्व दिले असेल, हे इतिहास वाचणारास सांगावे लागत नाही.

पुढे काय झाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जायफळ, लवंग, दालचिनी ह्यांची झाडे मोठ्या आशेने लावण्यात आली; परंतु ती नीट वाढली नाहीत. थंड प्रदेशांतील फळझाडांना बंगालची हवा मानवली नाही. सह्याद्रीच्या उतारांवर आणि विदर्भाच्या अरण्यांत डौलाने उभा राहणारा साग शिबपूरच्या ओलसर, गाळाच्या जमिनीत जोम धरीना. म्हणजे ज्या हेतूंनी उद्यान काढले, त्यांतील कित्येक हेतू आरंभीच फसले. मग उद्यान व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. ‘हे झाड येथे वाढत नाही’ असे प्रयोगाने कळणे, हेही ज्ञानच होय. ते कळले नसते, तर एखाद्या शेतकऱ्याने आपले शेत आणि आपली पुंजी त्या झाडापायी घालवली असती. उद्यानाने ती हानी स्वतःच्या अंगावर घेतली. जे उद्यानात फसते, त्यामुळे शेतात फसायचे वाचते.

झाडे ओळखण्यास किती महत्त्व आहे, हे चहाच्या इतिहासावरून कळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज व्यापारी आपला चहा चीनमधून विकत घेत. परंतु आसामच्या डोंगरांत राहणारे सिंगफो लोक आपल्या रानातील चहाची पाने पूर्वीपासून वापरीत होते. १८२३ साली बिसा गाम ह्या सिंगफो प्रमुखाकडून रॉबर्ट ब्रूस नावाच्या व्यापाऱ्यास त्या झाडांची माहिती मिळाली. पुढे ह्या झाडांचे नमुने शिबपूरच्या उद्यानात आले. त्या वेळी नॅथॅनिएल वॉलिच हे उद्यानाचे प्रमुख होते. ते नाणावलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. पण हा खरा चहा आहे, असे त्यांस पटले नाही. चहाच्याच कुळातील ती दुसरी एखादी वनस्पती असावी, असे त्यांचे मत झाले. पुढे अधिक पुरावा हाती आल्यावर, १८३४ सालच्या अखेरीस, आसामातील झाड खरोखर चहाचेच आहे हे मान्य करण्यात आले. चीनमधून आणवलेल्या बियांचीही हजारो रोपे ह्याच उद्यानात तयार करून १८३५ च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांत पाठवण्यात आली. परंतु आसामच्या मळ्यांत शेवटी जोमाने वाढला तो आसामचाच चहा.

ह्या हकिगतीत दोन बोध आहेत. घराच्या अंगणात उभी असलेली संपत्ती ओळख पटेपर्यंत संपत्ती ठरत नाही, हा एक. आणि रानात राहणाऱ्या लोकांना जे ठाऊक असते, ते पंडितांस कधी कधी फार उशिरा कळते, हा दुसरा. म्हणून झाडांविषयी शिकू इच्छिणाऱ्याने पुस्तक उघडावे, नामपाटी वाचावी आणि माळ्याला, शेतकऱ्याला, गुराख्यालाही विचारावे. त्यात कमीपणा मानू नये.

वॉलिच ह्यांच्या पूर्वी, १७९३ पासून १८१३ पर्यंत, विल्यम रॉक्सबर्ग ह्यांनी हे उद्यान सांभाळले. भारतातील वनस्पतींचे पद्धतशीर वर्णन करण्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले. त्यांनी भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक वनस्पतींची चित्रे काढवून घेतली. पानाची कड दातेरी आहे की सरळ, फुलात पुंकेसर किती, बी कसे बसलेले असते, हे सारे त्या चित्रांत बारकाईने दाखवलेले आहे. रॉक्सबर्ग ह्यांचे नाव ग्रंथांत राहिले. पण ज्यांच्या डोळ्यांनी आणि कुंचल्यांनी ती चित्रे घडवली, त्यांतील बहुतेकांची नावेदेखील राहिली नाहीत. त्या काळी त्यांच्या नावांची नोंद ठेवावी, असे कोणास वाटले नाही. झाडांच्या नावांची इतकी काळजी घेणाऱ्यांनी माणसांची नावे मात्र विसरावीत, ही गोष्ट मनाला लागते. उद्यान पाहणाऱ्याने त्या अज्ञात हातांचेही ऋण मानले पाहिजे.

उद्यानाला जोडूनच वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. पाने, फुले, फळे दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची आणि ती कोठे, केव्हा, कोणी गोळा केली हे खाली लिहून ठेवायचे, अशी ही रीत. असे सुमारे वीस लक्ष नमुने तेथे जपलेले आहेत. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या डोंगरावर कोणती वनस्पती होती आणि आज ती तेथे आहे की नाही, हे पडताळून पाहावयाचे असेल तर अशा वाळक्या पानांचीच साक्ष काढावी लागते.

शिबपूरला जाणारा माणूस तेथील महावटवृक्ष पाहिल्यावाचून परतत नाही. त्याचे वय अडीचशे वर्षांहून कमी नसावे. एका खजुरीच्या झाडावर त्याचा अंकुर फुटला, अशी आख्यायिका सांगतात. वडाचे फळ पक्ष्याने खावे, त्याच्या विष्ठेतून बी दुसऱ्या झाडावर पडावे आणि तेथेच ते रुजावे, असे पुष्कळदा घडते. तेव्हा ही आख्यायिका अशक्य कोटीतली नाही. १८६४ सालच्या वादळाने ह्या उद्यानातील हजाराहून अधिक झाडे जमीनदोस्त केली. १८६७ साली पुन्हा वादळ आले. ह्या आघातांनी वडाच्या फांद्या मोडल्या, खोडाला बुरशीने ग्रासले आणि अखेर १९२५ साली त्याचे मूळ खोड काढून टाकावे लागले.

खोड गेले म्हणजे झाड मेले, असेच कोणासही वाटेल. परंतु वडाची रचना निराळी आहे. त्याच्या फांद्यांतून पारंब्या सुटतात, त्या भूमीला टेकतात, मुळे धरतात आणि हळूहळू स्वतःच खांब बनतात. त्या फांदीला आधार देतात आणि जमिनीतून पाणीही पुरवतात. आज ह्या वृक्षाच्या अशा साडेतीन हजारांहून अधिक पारंब्या उभ्या आहेत आणि त्याचा विस्तार दीड हेक्टरहून अधिक जागेवर झालेला आहे. दुरून पाहणाऱ्यास ते एक छोटे अरण्य वाटते. पण ते एकच झाड आहे आणि त्याच्या मध्यभागी मूळ खोड नाही. २०२० सालच्या मे महिन्यात अम्फान नावाचे चक्रीवादळ आले, तेव्हाही ह्या वडाला मोठी इजा झाली आणि उद्यानातील पुष्कळ झाडे उन्मळून पडली. तरी वड उभा राहिला. पण तो नुसत्या आपल्या बळावर उभा नाही. कोवळ्या पारंब्यांना पोकळ बांबूंतून वाट करून देणारे, त्या जमिनीपर्यंत नीट पोहोचतील असे पाहणारे हातही त्याच्यामागे आहेत. जो केवळ ‘केवढा मोठा वड!’ म्हणून पुढे जातो, त्यास ह्यातील काहीच दिसत नाही.

दुसरे उदाहरण दर्याच्या नारळाचे. ह्याचे बी वनस्पतिसृष्टीतील सर्वांत जड बी होय. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर हे झाड होते. ती बेटे माहीत नव्हती तेव्हा लाटांबरोबर किनाऱ्यास लागलेले हे जोडनारळ पाहून, समुद्राच्या तळाशीच त्यांचे झाड असावे असे लोक समजत. शिबपूरच्या उद्यानात १८९४ साली ह्याचे बी लावण्यात आले. त्या झाडाला पहिले फूल येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली आणि तेव्हा कोठे ते मादी-झाड आहे हे कळले. ह्या जातीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात; जवळपास नर-झाड नव्हते. म्हणून शास्त्रज्ञांनी परदेशातील झाडांचे पराग आणवले, पुनःपुन्हा प्रयत्न केला आणि अखेर त्या झाडास फळ धरले. ज्याने बी लावले, त्यास फूल दिसले नाही. आणि ज्यांनी फळ धरवले, त्यांनी तो लावणारा कधी पाहिला नव्हता. तरी दोघांनी मिळून एकच काम केले. पिढ्यांना जोडणारे असे काम ज्या जागी चालते, ती जागा सामान्य कशी म्हणावी?

वनस्पतिउद्यानांविषयी दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला आक्षेप असा की, शहरात माणसांस राहावयास जागा नाही, रस्ते अपुरे आहेत. मग शेकडो एकर जमीन झाडांसाठी का अडवावी? जागेची टंचाई खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु घर बांधावयाचे तर दुसरी जमीन शोधता येते. शंभर-दोनशे वर्षे वाढलेले झाड आणि त्याच्यामागची नोंद दुसरीकडे उचलून नेता येत नाही. एकदा तोडलेले उद्यान पैशाने विकत मिळत नाही. त्यासाठी काळच द्यावा लागतो आणि काळ उसना मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. लोक खोडांवर चाकूने आपली नावे कोरतात, फुले तोडतात, कागद आणि प्लास्टिकच्या पिशव्या टाकून जातात. तेव्हा अशी उद्याने सर्वांस, विशेषतः मुलांस, बंद करून केवळ अभ्यासकांस खुली ठेवावीत, असे काही जण म्हणतात. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. खोडाच्या सालीखालूनच पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे जाते. साल खोलवर कापली की ती वाट तुटते आणि त्या जखमेतून बुरशी आत शिरते. स्वतःचे नाव कोरणारा मनुष्य झाडाच्या नावाची पाटी मात्र वाचीत नाही!

तथापि, दार बंद करणे हा ह्यावरचा उपाय नव्हे. ज्याने झाड कधी जवळून पाहिले नाही, त्यास त्याविषयी प्रेम कोठून वाटणार? आजचे मूल उद्याचा नागरिक होणार आहे. उद्या एखाद्या झाडाचे, टेकडीचे, अरण्याचे भवितव्य त्याच्याच मतावर ठरेल. उद्यानाचे दार त्याला बंद ठेवले, तर ते मत अज्ञानातून दिले जाईल. म्हणून दार उघडेच असावे. पण आत कसे वागावे आणि काय पाहावे, ह्याचे शिक्षण त्याआधी मिळालेले असावे. पहारेकरी झाडाचे रक्षण दिवसापुरते करील. ओळख त्याचे रक्षण जन्मभर करील.

ते पाहणे कसे असावे? एका दिवसात सारे उद्यान पायांखाली घालण्याचा हव्यास धरू नये. पाच झाडे निवडावीत आणि ती नीट पाहावीत. जवळ वही आणि पेन्सिल असावी. नामपाटीवरचे नाव आणि मूळ प्रदेश लिहून घ्यावा. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, साल गुळगुळीत आहे की खरखरीत, फूल फांदीच्या टोकास येते की खोडावर, हे पाहून जमेल तसे चित्र काढावे. चित्र सुबक नसले तरी चालेल. काढताना डोळा जे पाहतो, ते नुसते बघताना पाहत नाही. झाडावरचे पान तोडू नये. तळाशी गळलेली पाने पाहण्यास पुरेशी असतात. कोणते पक्षी, कोणते कीटक त्या झाडाकडे येतात, हे शांत उभे राहिले म्हणजे दिसते. मनात आलेला प्रश्न माळ्यास किंवा गुरुजींस विचारावा. आणि शक्य असेल तर त्याच पाच झाडांकडे दुसऱ्या ऋतूत पुन्हा जावे. पावसाळ्यात पाहिलेले झाड शिशिरात निष्पर्ण दिसते आणि वसंतात नव्या पालवीने लालसर होते. एकदा पाहिले तर केवळ रूप दिसते. दोनदा पाहिले म्हणजे जीवन दिसू लागते.

ज्यांस शिबपूरपर्यंत जाणे शक्य नाही, त्यांचे काही अडत नाही. ही दृष्टी एकदा आली, की शाळेच्या आवारातील कडुनिंब, गावाबाहेरचा पिंपळ, रस्त्याकडेची चिंच ही सारी तितकीच बोलकी होतात. मोठे उद्यान ही दृष्टी देते. तिचा उपयोग कोठेही करता येतो.

ज्या झाडाचे नाव ठाऊक नाही, ते पडले तर ‘एक झाड पडले’ एवढेच माणूस म्हणतो आणि पुढे चालू लागतो. पण ज्याचे नाव, गाव आणि फुलण्याचा महिना त्यास ठाऊक आहे, त्या झाडावर कुऱ्हाड उगारलेली पाहून तो थबकतो, आणि ‘हे का तोडता?’ असे विचारतो. एवढा एक प्रश्न विचारणारी माणसे निर्माण व्हावीत, ह्यासाठी शहराजवळ वनस्पतिउद्यान असावे, ते जपावे आणि मुलांनी ते डोळे उघडे ठेवून पाहावे.